हाडाआधीचं बरंच काही

दरवर्षी नीट-पीजीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा तरी भाचा, कॉलेजातली एखादी ज्युनियर, कधी एखादीचे वडील. प्रश्न एकच : "मॅडम, ऑर्थो घ्यावं का?" एम.एस. ऑर्थोपेडिक्सची तीन वर्षं मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात काढली, मग बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष केलं, आणि आता तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवते. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकावं म्हटलं. क्रमाला अर्थ नाही, जसं सुचलं तसं लिहिलंय. ज्यांना डॉक्टर व्हायचं नाही पण ज्यांच्या घरात कधी ना कधी कुणाचं तरी हाड मोडणार आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

१. प्लास्टर मामांकडून शिकायचं

लोकांना वाटतं, ऑर्थोला प्रवेश मिळाला की दुसऱ्या दिवशी हातात ड्रिल येतं. येते ती प्लास्टरची बादली. आमच्या प्लास्टर रूममध्ये निवृत्तीला टेकलेले एक मामा होते. (सरकारी दवाखान्यात सगळे वॉर्डबॉय मामा आणि सगळ्या आया मावशी.) प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी १८५२ साली एका डच लष्करी डॉक्टरने काढली, त्याचं नाव मॅथायसेन, एवढं मला पुस्तकाने सांगितलं. बाकीचं मामांनी.

रोल पाण्यात तिरका सोडायचा. बुडबुडे थांबले की बाहेर काढायचा, दोन्ही टोकं मुठीत धरून आतल्या बाजूला हलकं दाबायचं. पिळायचं नाही, पिळलं की प्लास्टर बादलीत आणि हातात नुसती जाळी. पाणी गार हवं. गर्दीच्या दिवशी काम लवकर उरकावं म्हणून कुणी गरम पाणी घेतं आणि पट्टी खरंच पटकन घट्ट होते. पण घट्ट होताना प्लास्टर स्वतःच तापतं; त्यात गरम पाणी आणि जाड थर आले की आत कातडी भाजते, आणि वरून काही कळत नाही. ओल्या प्लास्टरवर बोटं टेकवली की मामा ओरडायचे, "मॅडम, तळवा लावा, तळवा! आज बोट उमटलं तर आठ दिवसांनी तिथंच आत जखम."

लहान मुलं प्लास्टर घालताना फारशी रडत नाहीत, काढताना रडतात. कटरचा आवाजच तसा असतो. मामा चालू कटर आधी स्वतःच्या तळव्याला लावायचे, मग मुलाच्या आईच्या, मग मुलाच्या. ते पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं, मऊ कातडी त्याच्याबरोबर हलते आणि वाचते. (कटर ओढत नेला तर मात्र चटका बसतो, म्हणून उचलून पुढे ठेवायचा, पुन्हा उचलायचा.) मोठ्या ऑपरेशनांत मी कुणाकुणाला असिस्ट केलं ते आता नीट आठवत नाही. मामांचं सगळं आठवतं, कारण रोज लागतं.

२. एक्स-रे शेवटी बघायचा

नातेवाईक कॅज्युअल्टीत शिरतानाच एक्स-रेचं पाकीट पुढे करतात, हल्ली मोबाइलवरचा फोटो. तो बाजूला ठेवायचा. आधी श्वास, नाडी, बीपी. मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त मांडीतल्या मांडीत साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. मग कातडी : हाडाजवळ बारीकशी जखम असली, तिच्यातून पातळ रक्त झिरपत असलं, तर ते उघडं फ्रॅक्चर समजायचं आणि अँटिबायोटिक तिथल्या तिथे सुरू करायचं, वॉर्डात गेल्यावर बघू म्हणायचं नाही. मग नसा. दंडाचं हाड मोडलेल्या माणसाला मनगट वर उचलता येतंय का, हे प्लास्टर घालण्याआधी केसपेपरवर लिहून ठेवायचं. नाही लिहिलं आणि नंतर मनगट पडलेलं दिसलं, तर खापर कुणावर फुटणार हे वेगळं सांगायला नको.

आणि मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा, खालचा सांधा. मोटरसायकलवरून पडलेल्या मुलाची मांडी वाकडी झालेली सगळ्यांनाच दिसते. त्याच पायाच्या खुब्यात केसाएवढी चीर असते ती निसटते, कारण लक्ष वाकड्या मांडीकडे असतं. नारळावरून, विहिरीच्या कठड्यावरून, बांधकामाच्या परांचीवरून पडलेला माणूस टाच दुखते म्हणून येतो. त्याच्या पाठीवर हात फिरवल्याशिवाय त्याला सोडू नये. उंचावरून टाचांवर पडलेल्यांचा मणकाही दबलेला सापडतो.

आमच्या युनिटच्या सरांची पद्धत अशी होती की राउंडला एक्स-रे बोर्डाचा दिवा बंदच ठेवायचे. पेशंट तपासून झाल्यावर, काय मोडलंय हे तोंडी सांगून झाल्यावर दिवा लागायचा. पहिल्या महिन्यात फार राग यायचा.

३. कळ ऐकायची

"एवढं काय ओरडतोय? इंजेक्शन दे, झोपेल." हे वाक्य वॉर्डात रात्री कुणीही कुणालाही म्हणतं.

नडगीचं हाड मोडलेला विशीतला मुलगा, पाय स्लॅबमध्ये उंच ठेवलेला, दोन इंजेक्शनं होऊनही तळमळतोय. आमचे जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट) झोपेतून उठून आले. आधी स्लॅबवरची पट्टी आणि आतला कापूस पार कातडीपर्यंत उभा कापला. थोडं थांबले. मग पायाचा अंगठा चिमटीत धरून हलकेच खाली वाकवला. बस, तेवढंच. त्या मुलाने खाटेचा लोखंडी दांडा असा आवळला की खाट हलली. पायाची नाडी छान लागत होती, बोटं गरम होती, रंग चांगला होता. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात मात्र कापसाचा स्पर्श कळत नव्हता. "ओटीला कळव, भूलवाल्या मॅडमना उठव," म्हणाले आणि संमतीपत्र लिहायला बसले.

याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नडगीभोवतीचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात आणि कप्प्यांचं आवरण ताणत नाही. आत रक्त साचलं, सूज आली की दाब वाढतो आणि स्नायूंच्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मोठी धमनी तरीही वाहत असते, म्हणून नाडी लागते. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहिलेले डॉक्टर फसतात. सहा-आठ तासांत स्नायू कायमचे मरायला लागतात. स्नायू मरून हात-पाय आखडून का बसतात, घट्ट पट्ट्यांखाली रक्त तुटल्यामुळे, हे फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली लिहून ठेवलंय. आजही तसे आखडलेले हात ओपीडीत येतात.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, पायाच्या दोन्ही बाजूंनी लांब छेद घेतले. आवरण कापल्याबरोबर स्नायू बाहेर उसळले, काळपट, फुगलेले. बघता बघता रंग बदलायला लागला. चिमट्याने हलकं टोचलं तर स्नायू आकसला. "जिवंत आहे," भूलवाल्या मॅडमच आधी म्हणाल्या. जखमा उघड्या ठेवल्या, सूज उतरल्यावर मांडीची कातडी काढून लावली. तो मुलगा चालत घरी गेला.

रात्री उठून एका माणसाचा अंगठा वाकवून बघायचा ज्याला कंटाळा येतो, त्याने दुसरी शाखा बघावी. मी हे फोनवर स्पष्ट सांगते आणि काहींना ते आवडत नाही.

४. ताकद

आमच्या तुकडीत मुलगी मी एकटीच. "मुलीला झेपेल का?" हे प्रवेशाच्या खिडकीपासून ओटीच्या दारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. पेशंटचा प्रश्न वेगळा : "सिस्टर, डॉक्टर कधी यायचे?"

निखळलेला खांदा बसवायला पैलवान लागतो, असा एक समज आहे. पेशंटला टेबलावर पालथं झोपवायचं, निखळलेला हात कडेवरून खाली सोडायचा, मनगटाला चार-पाच किलो वजन बांधायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. स्नायू दमले की बहुतेक वेळा खांदा आपला आपण आत जातो. स्टिमसनची पद्धत म्हणतात हिला. कोखरची पद्धत १८७० सालची. तीही हळूहळू वळवण्याची आहे, हिसका देण्याची नाही. म्हाताऱ्या माणसाला हिसका दिला तर खांदा बसायच्या ऐवजी दंडाचं हाड मोडतं. बळ लागतं तिथे ड्रिलला मोटर असते, आणि उंची कमी पडली तर पायाखाली घ्यायला स्टूल मिळतं. मुलींनो, बिनधास्त या. फक्त शिशाचे एप्रन अजूनही पुरुषांच्या मापाचे असतात, ते स्वतःच्या मापाचे शिवून घ्या.

५. न कापता बरं करणारे

तीन वर्षांत सगळ्यांचं लक्ष असतं किती केसेस "केल्या" यावर. लॉगबुकात तेच भरायचं असतं. आमच्याकडे मात्र आठवड्यातला एक दिवस वाकड्या पायाच्या बाळांचा असायचा, आणि मला तो सगळ्यात कठीण वाटायचा.

जन्मतः आत वळलेलं पाऊल पूर्वी मोठं ऑपरेशन करून सरळ करत. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे, तिथलं यादवी युद्ध संपल्यावर देश सोडून पुढे अमेरिकेत आयोवाला स्थिरावलेले. ऑपरेशन झालेले पाय मोठेपणी ताठर आणि दुखरे होतात हे त्यांनी पाहिलं आणि दुसरा रस्ता धरला : दर आठवड्याला पाऊल थोडं वळवायचं, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होतं, बहुतेकांना शेवटी टाचेची शीर एका छोट्या छेदाने सैल करावी लागते. जगाने कित्येक दशकं या पद्धतीकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण तिच्यात कापण्यासारखं काही नव्हतं असं माझं मत. आज ती जगभर चालते.

बाळाचं पाऊल हातात घेऊन अंगठ्याखाली टॅलसचं (घोट्यातल्या हाडाचं) टोक चाचपायचं, ते स्थिर धरायचं आणि बाकीचं पाऊल त्याच्याभोवती बाहेर न्यायचं. जोर एवढासाच. आई बाळाला पाजत असते, प्लास्टर तेवढ्यात घालून झालं पाहिजे. खरी लढाई नंतर : दांडी लावलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. सासूबाई म्हणतात, "कशाला लेकराला छळता, पाय तर सरळ झालाय." बूट सुटतो, पाय परत वळतो. म्हणून आईइतकंच सासूबाईंना समोर बसवून सांगायचं.

मणक्याच्या क्षयाचंही तसंच. बनारसच्या डॉ. एस. एम. तुली यांनी दाखवून दिलं की सरसकट सगळ्यांचे मणके उघडायची गरज नाही. औषधं द्या, लक्ष ठेवा, आणि सुधारणा नसेल किंवा पायातली शक्ती जात असेल तेव्हा ऑपरेशन करा. पाठदुखीला "मणक्यात गॅप आलाय" म्हणून पट्टा देऊन घरी पाठवण्याआधी संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का, एवढं तरी विचारा.

६. रेशन कार्ड वाचता यायला हवं

मी शिकत असताना योजनेचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. उपचाराला पैसे लागत नाहीत, कागद लागतात. कार्ड पिवळं की केशरी, त्यावर नाव 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन', मुलाचं नाव अजून जुन्याच कार्डात. मंजुरी आली की नेल (हाडात ठोकायची सळई) येणार, नेल आली की ऑपरेशन. इकडे हाड कागदांसाठी थांबत नाही. दोन-तीन आठवडे गेले की वाकड्या जागी कच्चं हाड धरायला लागतं, आणि अर्ध्या तासात जमणारी गोष्ट जागेवर आणायला दोन तास झगडावं लागतं. म्हणून मी पेशंट भरती होतानाच कार्ड मागून बघायला शिकले आणि आरोग्यमित्र, समाजसेवा अधीक्षक यांच्याशी गोड बोलायला शिकले. कुठल्याही पुस्तकात हा धडा नाही. चांगला सर्जन असून हे न जमणारे लोक मी पाहिलेत. त्यांचे पेशंट विटांवर उचललेल्या खाटेवर ट्रॅक्शन लावून पडून राहतात.

७. दहा नंबरचा पाना

वॉर्डाच्या शेवटच्या चार-पाच खाटा रिंगवाल्यांच्या. जंतुसंसर्ग होऊन हाड सडलेलं, कुठेतरी दोनदा ऑपरेशन फसलेलं, घरची जमीन गहाण पडलेली. अशांसाठी इलिझारोव्ह.

सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी पन्नासच्या दशकापासून हे तंत्र घडवलं : पायाभोवती धातूची कडी, त्यांतून आरपार ताणलेल्या बारीक तारा, कड्यांना जोडणाऱ्या आटेदार सळया. सडलेलं हाड काढून टाकायचं, दुसऱ्या जागी चांगलं हाड नाजूकपणे तोडायचं, आठवडाभर थांबायचं आणि मग तो तुकडा रोज एक मिलिमीटर सरकवत न्यायचा. मागे सुटलेल्या फटीत नवं हाड तयार होत येतं. पश्चिमेला हे फार उशिरा कळलं. १९८०च्या सुमारास कार्लो मावरी नावाचे इटालियन गिर्यारोहक कुर्गानला जाऊन पाय नीट करून आले, तेव्हा.

रोजचा एक मिलिमीटर एकदम द्यायचा नसतो. चार वेळा पाव-पाव आटा फिरवायचा : सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. नट दहा नंबरच्या पान्याने फिरतात. वॉर्डात पाना एकच, तोही हरवायचा, म्हणून पेशंटचे भाऊ बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणायचे. कुठल्या बाजूला फिरवायचं त्याचा बाण आम्ही मार्करने नटाशेजारी काढायचो. पण नव्या माणसाला शिकवायचा तो शेजारच्या खाटेवरचा जुना. "घाई करू नको. दोन फेऱ्या एकदम मारल्या की रात्रभर झोप नाही, मी मारून बघितल्यात." तारांच्या मुळाशी सलाईनने कसं पुसायचं, रिंगवर घालायला पायजम्याची शिवण उसवून नाड्या कशा लावायच्या, हेही त्यांच्याकडेच.

पाच सेंटिमीटरची फट म्हणजे पन्नास दिवस सरकवणं, आणि नवं हाड पक्कं व्हायला त्यानंतर बरेच महिने. ओटीतलं काम तीन तासांचं. उरलेलं सगळं हे असं. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी हातासाठी बनवलेली जेस ही स्वस्त, सुटसुटीत चौकट मी पुढे पुष्कळ वापरली. तिच्यासाठी लागणारा धीर रिंगवाल्यांकडून आलेला.

८. प्रबंध

प्रबंधाला वर्षभराचा फॉलो-अप हवा, असं गाइड सांगतात. आमच्याकडचे निम्मे पेशंट ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास टोळी हलली की फोन लागत नाही, उन्हाळ्यात परत येतात तेव्हा प्लास्टर कोयत्याने कापून फेकलेलं असतं आणि हाड धरलेलं असतं. विषय निवडताना जूनपासून सप्टेंबरपर्यंत भेटणारे पेशंट कोणते, याचा विचार करा.

९. किरण

सी-आर्मपासून (ओटीतल्या एक्स-रेच्या यंत्रापासून) अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथाई होते. एक पाऊल मागे सरकणं फुकट आहे. एप्रन घडी घालून कोपऱ्यात फेकू नका, आतलं शिसं तडकतं, दांडीवर टांगा. गळ्याचं कवच विसरू नका.

१०. आज्जीला उठवायचं

"पाय घसरला" म्हणून आलेली पंचाहत्तरीची आज्जी, एक पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेर पडलेलं. खुबा. मुलगा विचारतो, "या वयात ऑपरेशन कशाला, डॉक्टर? असू दे पडून." हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय : पडून राहण्यासाठीच करायचं नाहीये, उठण्यासाठी करायचंय. म्हातारं माणूस आडवं पडलं की फुप्फुसात कफ साठतो, माकडहाडावर जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. लोक मोडलेल्या हाडाने जात नाहीत, खाटेमुळे जातात.

ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा. आमच्याकडे पेशंट "फिट" करता करता आठवडा जायचा. एचबी कमी, रक्तदाता नाही, इको गुरुवारीच होतो, साखर वर. यातलं प्रत्येक काम जेआर-वन जिने चढून-उतरून पुढे सरकवतो. ज्या दिवशी मला कळलं की नेल कुणी ठोकली यापेक्षा इको कुणी लवकर करून आणला यावर आज्जीचं जगणं जास्त अवलंबून आहे, त्या दिवसापासून त्या जिन्यांचा राग गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मग वॉकर. सुना घाबरतात, आज्जी स्वतः क्वचितच.

आणि डिस्चार्ज देताना हाडं ठिसूळ झाल्याचं औषध लिहायचं. हे आम्ही सगळे विसरतो. एक खुबा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याची शक्यता जास्त असते, आणि तेव्हा कुणीतरी म्हणतं, "नशीब बघा."

११. झोप

केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय की सलग काम साधारणपणे बारा तासांहून जास्त नसावं आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असावेत. मी हे रेसिडेन्सी संपल्यावर वाचलं आणि हसले. इमर्जन्सीचा दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची ओटी लिस्ट हे सगळं सलग. "आम्हीही असंच केलं" म्हणणारे सीनियर खोटं बोलत नाहीत, पण त्यातून काय सिद्ध होतं? अर्धवट झोपेत माणूस एक्स-रे आधी बघतो आणि पेशंट नंतर. युनिट हेड होणाऱ्यांनी आपल्या युनिटपुरतं तरी वेळापत्रक बदलावं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

१२. हाडवैद्याला हसू नये

कॉलेजात आम्ही हसायचो. बांबूच्या कामट्या, अंड्याचा लेप, वरून करकचून चिंधी. काळी पडलेली बोटं घेऊन आलेलं पोर बघितलं की हसू जायचं आणि शिव्या यायच्या. पण ज्या थॉमस स्प्लिंटवर आम्ही मांडीची फ्रॅक्चरं ठेवतो, जिने पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिक वाचवले, ती बनवणारे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) वेल्समधल्या हाडवैद्यांच्याच घराण्यातले. त्यांचे वडील इव्हान हे लिव्हरपूलमधले नावाजलेले हाडवैद्य. त्यांनी मुलाला डॉक्टर केलं, एवढाच फरक.

आता नव्या रेसिडेंट्सना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ही चांगली गोष्ट झाली. तिथे दिसतं, लोक हाडवैद्याकडे का जातात : तो गावात असतो, रविवारी असतो, आधार कार्ड मागत नाही आणि घाबरलेल्या माणसाशी बोलतो. पेशंट तिकडून आला तर खेकसू नका. खेकसलात तर तो पुढच्या वेळी तिकडे गेल्याचं लपवेल, आणि पट्टी किती दिवस आणि किती घट्ट होती हे तुम्हाला कळायलाच हवं असतं.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एवढंच. हाड मोडल्यासारखं वाटलं तर ओढाताण न करता फळी किंवा वर्तमानपत्राची जाड घडी लावून सैलसर बांधा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. कोपराला मार लागल्यावर मालिश अजिबात करू नका, विशेषतः मुलांच्या. मालिशने स्नायूंत हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं. प्लास्टर घातल्यावर बोटं बधिर झाली, निळसर पडली, किंवा कळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता या. प्लास्टर कापायला पाच मिनिटं लागतात.